पायपुसणं

चार पोरं रिंगण करून बसलीत पडद्यावर.
मध्ये बाहुलं: करवंटीचं डोकं, टोपलीचं पोट,
अंगात कुणाचा तरी शाळेचा सदरा,
हाताच्या जागी बांधलेला खडू.
ओठ हलतात. आवाज नाही अजून.
आवाज माझ्याकडे असतात.

सेमारंगात, टायरच्या दुकानावरच्या
गाद्या ठोकलेल्या खोलीत मी भुतं घडवते.
मान मोडायची तर चवळीच्या लांब शेंगांची जुडी पिळायची,
कातडं सोलायचं तर पपनसाची साल,
दात वाजायला ओंजळभर शिंपले.
मंडईच्या अर्ध्या पिशवीत एक अख्खं भूत मावतं,
उरलेल्याची रात्री भाजी होते.

बागास्कोरो, आमचा दिग्दर्शक, वय सव्वीस,
म्हणाला, "बू वुर्यानी, इथून तो आत येतो.
पावलं हवीत. ओली, जड.
माणसाची वाटायला नकोत."

मी फरशीवर बादली ओतली,
चपला काढल्या,
आणि माझे पाय त्याचे कधी झाले कळलं नाही.
डावा टेकवायचा, उजवा किंचित फरपटत,
दोन पावलं, थांबायचं,
मग पायपुसण्यावर तळवे घासायचे. तीनदा.

सुगेंग असाच यायचा, मासळी उतरवून,
पहाटेचे तीन वाजले असले तरी पाय पुसून,
आई ओरडेल म्हणून.
सुगेंग म्हणजे खुशाल.
आम्ही अशी नावं ठेवतो,
आणि समुद्राला वाचता येत नाही.

सोळा वर्षं झाली. होडी सापडली.
आमच्या त्या घरात आता
रोजच्या भरतीला चुलीपर्यंत पाणी येतं,
उंबरा तर केव्हाच खाली गेला.
यायचं म्हटलं तरी कुठल्या दारानं येईल?

बोलावलं नाही असं नाही.
चाळिसाव्या दिवशी, शंभराव्या, हजाराव्या दिवशी
भात शिजवला, शेजारी आले,
दुवा मागितली, डबे भरून घेऊन गेले.
आणि एकदा (हे आईलाही ठाऊक नव्हतं)
मीही टोपलीला त्याचा सदरा चढवला.
फटफटेपर्यंत धरून बसले.
खांदे भरून आले, खडू हलला नाही.
सकाळी त्याच टोपलीत कांदे ओतले.

आणि ही पोरं बघा.
परीक्षा संपली म्हणून, कंटाळा आला म्हणून,
एक हाक, की दारात हजर!
वर किंचाळतात.
अरे, आलाय ना कुणीतरी,
बस म्हणा, पाणी विचारा.

बागास्कोरोनं कानावरचं काढलं.
"पावलं भारी. पण भूत पाय कशाला पुसेल?"
मी म्हटलं, घर ओळखीचं असलं तर पुसेल.
त्याला हसायचं होतं. हसला नाही.
पट्टीवर बोट ठेवून थोडा वेळ बसला,
मग म्हणाला, "ठेवू. पण अगदी बारीक."

पहिल्या खेळाला मी मागच्या रांगेत,
मॉलचा चौथा मजला, हाडं गोठवणारा एसी,
पुढे कुणीतरी पॉपकॉर्न सांडलेले.
दार करकरलं. ते माझ्या कपाटाचं.
डावा.
उजवा, किंचित फरपटत.
थांबला.
तेवढ्यात पडद्यावरची फेबी ओरडली
आणि तिच्याबरोबर दोनशे माणसं,
एक पोरगा तर थेट आईच्या नावानं.

त्या ओरडण्याच्या खाली, तळाशी,
कुणीतरी सावकाश पाय पुसले.

मी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून
मांडीवर घेतली.

दिवे लागले. लोक हसत, एकमेकांना ढकलत निघाले.
माझं नाव अगदी शेवटी येतं,
चहावाल्याच्या आणि ड्रायव्हरांच्याही नंतर.
झाडूवाला दारात ताटकळत होता.
नाव येईपर्यंत
आम्ही बसून राहिलो.